सरलाचा चातुर्मास

सरलाबद्दल लिहायचं तर टेपपासून सुरुवात करावी लागेल. शिवणकामाचा साठ इंची टेप, पिवळा, दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी. आमचं लग्न झालं तेव्हापासून तो तिच्या गळ्यात आहे. स्वयंपाक करताना, दूध घेताना, पाहुण्यांशी बोलतानाही. एकदा ती तो गळ्यात घालूनच बारशाला गेली होती.

सरला माझी बायको. ती आर्वीची. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी अकोल्याकडून रायपूरला आले आणि मीही पुढे इथेच पार्सल ऑफिसात लागलो. पुरानी बस्तीत आमचं घर आहे. पुढच्या खोलीत तिची मशीन आणि मागे आम्ही, असं मी गमतीनं म्हणतो. ते खोटंही नाही.

रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून साहेबलोक आले. त्यांच्या बायकांबरोबर साड्या आल्या, आणि ब्लाउज शिवणारं चांगलं माणूस शोधत त्या आमच्या गल्लीत आल्या. गल्लीत सरकारी गाड्या उभ्या राहायला लागल्या. सरलानं पायमशीनला मोटर बसवली. आता पायाखालचं पेडल जरा दाबलं की मशीन धावायची. सरला ते अनवाणी पायानं चालवायची. चप्पल घातली की वेग कळत नाही, असं तिचं म्हणणं. थंडीत आमच्या खोलीची फरशी फार गार पडते. मग ती "हे फरशी हाये का बरफाची लादी?" म्हणून माझ्यावर चिडायची, जणू ती मीच गार करून ठेवली आहे. तरी चप्पल घालायची नाही.

आलेल्या बाईकडे एकदा पाहिलं की तिला माप कळायचं. टेप ती नंतर लावायची, बाईला बरं वाटावं म्हणून. स्वतःचं माप मात्र घेताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. एकदा तिच्या मशीनच्या खणात मला दोन टेप एकमेकांना शिवून जोडलेले दिसले. एक तिला पुरत नव्हता. मी खण बंद केला.

लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत तिचं वजन वाढायला लागलं, आणि मग वाढतच गेलं. अभनपूरला नात्यातल्या लग्नाला जाताना टेम्पोत कुणीतरी म्हणालं, "सरलावहिनी, तुमी मधात बसा, नाही तर गाडी कलते." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं ती हसली. मग पूर्ण रस्ता ती मधोमध बसून राहिली, धक्का बसला तरी हलली नाही.

उपास ती भरपूर करायची. सोमवार, चतुर्थी, आणि आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात काही ना काही नेम. त्यावरही लोक बोलायचे. "एवढे उपास करते अन् तरी अशी?" मीही तिला "थोडं कमी खा" म्हणायचो. तिच्या आईनं म्हटलं, आमच्या मुलानं, अनिमेषनं म्हटलं, डॉक्टरांनी म्हटलं. तिनं कमी खावं, ही आमच्या घरातली सगळ्यांची एकमेव एकमतानं केलेली मागणी होती.

पुढे साखर वाढली. गुडघे गेले. झोपेत तिचा श्वास थांबायचा आणि मी तो परत सुरू होईपर्यंत जागा राहायचो. तोपर्यंत शहरात मोठी हॉस्पिटलं आली होती. तिथल्या डॉक्टरांनी पोटाच्या बायपासचं ऑपरेशन सुचवलं. अनिमेष हैदराबादहून आला आणि हट्टाला पेटला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: पोटाची वरची एक लहानशी पिशवी वेगळी करायची आणि आतड्याचा पुढचा भाग तिला आणून जोडायचा. खाल्लेलं मधला तुकडा सोडून थेट पुढे जाणार.

मला ते माझ्या पद्धतीनं कळलं. पार्सलची गाडी आता मधल्या स्टेशनांवर थांबणार नाही. सरलाला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मधातल्या स्टेशनाच्या मालाचं काय होते?"

डॉक्टर हसले. म्हणाले, तोच मुद्दा आहे, म्हणून गोळ्या जन्मभर. आम्ही दोघांनी मान हलवली. मोठ्या माणसासमोर आम्ही दोघं नेहमीच मान हलवतो.

ऑपरेशन फाल्गुनात झालं. स्ट्रेचरवर आत नेताना तिनं टेप काढून माझ्या हातात दिला. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण करते आहे.

वर्षभरात ती निम्मी झाली म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. साखरेच्या गोळ्या सुटल्या. रात्री श्वास एका लयीत चालायला लागला आणि मीही झोपायला लागलो. जोडलेले टेप तिनं उसवून पुन्हा दोन केले. आपले सगळे ब्लाउज आत घेतले. पण शिवणीच्या आत कापड मात्र भरपूर सोडलेलं, पुन्हा उसवून मोठं करता येईल इतकं. शिंपी लोक त्याला माया सोडणं म्हणतात. मी म्हटलं, "कापून टाक नं आता." ती म्हणाली, "राहू द्या. भरवसा काय?"

ती भीती तिच्या मनातून कधी गेली नाही, हे मला उशिरा कळलं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच आषाढीला तिनं देवापुढे पाणी सोडलं आणि चातुर्मासाचा नेम सांगितला: एकभुक्त. दिवसातून एकदाच, दुपारी, जेवायचं. मग मला कळलं की स्ट्रेचरवर तिचे ओठ कशासाठी हलत होते. तिनं आमच्या पुरानी बस्तीतल्या महामाया देवीला नवस बोलला होता की नीट उठले तर हयात असेपर्यंत चातुर्मास एकभुक्त राहीन.

हॉस्पिटलातून सांगितलं होतं की दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. मी त्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "अर्धी वाटी तर जाते मले. एक वेळ काय अन् सहा वेळ काय!" घरात सगळे खूश होते. इतकी वर्षं तिनं कमी खावं म्हणून बोलत आलेली माणसं आम्ही. आता ती देवाच्या नावानं कमी खात होती. तिला अडवणार कोण?

असे चार चातुर्मास गेले. पहिली दोन वर्षं आम्ही तपासणीला गेलो, मग जाणं सुटलं. वजनाचा काटा बरोबर दाखवतो तर सगळं बरोबर, असं आम्ही धरून चाललो. लोहाची गोळी ती सकाळी चहाबरोबर घ्यायची, आणि चातुर्मासात दुपारपर्यंत पोट रिकामं म्हणून ती गोळीही राहून जायची. बाकीच्या गोळ्या कधी संपल्या ते आठवत नाही.

चार महिने एकदा खायची आणि कार्तिकी झाली की दिवसभर थोडं थोडं चरायची: चहात बुडवलेलं बिस्किट, शेव, मुरमुरे. जे मऊ होऊन सहज खाली उतरतं ते. पोळी आणि उसळ अडकते म्हणायची. काटा चार महिन्यांत खाली यायचा आणि आठ महिन्यांत आधीपेक्षा वर जायचा. सोडलेली माया तिनं अर्धी उसवलीही होती. मग पुढचा चातुर्मास ती आणखी कडक करायची.

दम लागायला लागला, केस गळायला लागले, तोंडाचे कोपरे चिरले. त्याला तिच्याकडे उत्तर होतं: वय. एक गोष्ट मात्र मला बरी वाटली होती. दोन हिवाळे झाले, ती फरशीबद्दल चिडली नव्हती.

तोपर्यंत मी रिटायर झालो होतो. ज्येष्ठात एका दुपारी मी आत पेपर वाचत होतो. मशीन एकदम भरधाव सुटल्याचा आवाज आला आणि मग ती ओरडली. सुई डाव्या हाताच्या बोटाच्या नखातून आरपार गेली होती. मी धावलो. तिचा पाय अजून पेडलवरच होता, दाबलेला.

"पाय काढ!" मी ओरडलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "काढला नं."

काढलेला नव्हता. मी खाली बसून तिचा पाय हातानं उचलून बाजूला ठेवला. तेव्हा तिनं वाकून पायाकडे पाहिलं, जसं दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे पाहावं. बोटाचं दुखणं ती विसरली होती. "अहो," ती म्हणाली, "मले तर कळलंच नाही."

आम्ही पुन्हा हॉस्पिटलात गेलो. रक्त तपासलं. डॉक्टरांनी औषधं लिहिली आणि आहाराचं समजावायला तिथल्या डायटिशियनकडे, निधीकडे पाठवलं. निधी आमच्या गल्लीतल्या शर्मिष्ठाबाई मास्तरणीची नात. मराठी सगळं समजते, बोलते हिंदी. रिपोर्ट पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"आंटी, बी-ट्वेल्व तो है ही नहीं। आयरन नहीं, कैल्शियम नहीं। पैर इसीलिए सुन्न हैं।"

"पण वजन तर बरं हाये माझं," सरला म्हणाली.

"वजन ठीक है मतलब सब ठीक है, ये किसने बोल दिया आपको?"

सरलानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

निधीनं शांतपणे सांगितलं. खाल्लेलं आता जिथून जातं तिथे शरीर कमी उचलतं, म्हणून वरून द्यावंच लागतं, आणि दर वर्षी तपासावंच लागतं. बी-ट्वेल्वची इंजेक्शनं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा नंतर तासाभरानं. कॅल्शियम वेगळं, संध्याकाळी. सहा वेळा खायचं, आणि प्रत्येक वाटीत आधी मूग, पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. उपाशी राहिलात तर शरीर आधी मांस खातं, आणि नंतर मिळेल ते चरबी करून ठेवतं. वजन वाढतं आहे ते त्यामुळेच.

"पाय परत येतील माझे?" सरलानं विचारलं.

"अभी शुरू किया तो आ सकते हैं। और देर की तो नहीं बता सकती, आंटी।"

"मशीन चालवता येईन?"

निधीनं तिच्या बोटाच्या पट्टीकडे पाहिलं. "खाना पड़ेगा। बीच में चार महीने की छुट्टी नहीं मिलेगी।"

आषाढी तोंडावर आली होती.

घरी आल्यावर सरला मशीनचं झाकण लावून बसली. मी म्हटलं, "यंदा नेम नको करू." ती म्हणाली, "देवीनं मले उठवलं. काम झालं म्हणून शब्द मोडू?" मी म्हटलं, "पाय जातील." ती म्हणाली, "मंग मी काय करू, तुमीच सांगा." आणि रडायला लागली. तिला रडताना मी फार कमी पाहिलं आहे. मी चहा केला. मग आठवलं की गोळी घेऊन तास झाला नाही, म्हणून तो मीच प्यालो.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन देवीदास गुरुजींकडे गेलो. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. अनिमेषची मुंज त्यांनीच लावली होती. मी अडखळत सगळं सांगितलं. गुरुजी पानाला चुना लावत ऐकत होते.

"सरलाताई, व्रत करायला देह लागते," ते म्हणाले. "देह मोडून व्रत कोणी मांगतलं तुमाले?"

"मी बोलली हाये गुरुजी. माझ्या तोंडानं बोलली."

"तुमचा बोल तुमचाच राहीन. पण आजारी माणसाचं व्रत घरचं माणूस करू शकते. जुनी रीत हाये. संकल्प तुमच्या नावाचा, बसणारा दुसरा."

"कोण बसते? पोट्टा हैदराबादले. सुनेले सांगू का?"

मी सतरंजीच्या काठाशी खेळत होतो. मग म्हटलं, "मी बसतो."

गुरुजींचं पान हातातच राहिलं. "रत्नाकरभाऊ, तुमी? तुमाले चार वाजले का भजे लागते. साऱ्या गल्लीले माहीत हाये."

"लागते," मी म्हटलं. "पण बसतो."

"नाही जमणार तुमाले," सरला म्हणाली. "साखरपुड्यात जेवण उशिरा झालं तर यांनी तोंड वाकडं केलं होतं, गुरुजी. माझ्या बापासमोर."

गुरुजी मोठ्यानं हसले. "मंग तर देवीले पटेनच. ज्याले सोपं हाये त्याच्या उपासाचं काय कौतुक?"

आषाढीला आमच्या देवघरापुढे गुरुजींनी पाणी सोडलं. संकल्पात सरलाचं नाव घेतलं, मग माझं. ती माझ्या हाताला हात लावून बसली होती.

पहिले काही दिवस माझे कसे गेले ते लिहीत नाही. चार वाजता कोपऱ्यावरच्या दुकानात कढईत काही पडलं की वास थेट आमच्या खिडकीत यायचा. पण सरलाचं काम माझ्याहून कठीण होतं. मी उपाशी आणि तिला सहा वेळा खायचं. सकाळी मुगाचा चिला म्हणजे धिरडं, मग दही, दुपारी पोळीचा तुकडा आणि वाटीभर उसळ, चार वाजता भिजवलेले मूग, संध्याकाळी पनीर, रात्री डाळ. चिला मी करायला शिकलो. पहिले तव्याला चिकटले.

"तिकडं तोंड करा," ती म्हणायची.

"काहून?"

"तुमी पाहून राहिले तर उतरत नाही माझ्या घशाखाली."

मग मी चारच्या वेळेला बाहेर ओट्यावर बसायला लागलो. श्रावण संपत आला तेव्हा शेजारच्या विजयाताईंनी मला ओट्यावर गाठलं. त्या बकरी पाळतात.

"रत्नाकरभाऊ, आमची बकरी पाहिली का? कशी गुबगुबीत झाली."

"हव, चांगली झाली."

"होणार नाही? रोज चार वाजले का तुमच्या मागच्या दारी उभी राहते. भिजवलेले मूग भेटते तिले."

मी आत गेलो. सरलाची वाटी रिकामी होती आणि ती मागचं दार लावत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"तुमी बाहीर उपाशी बसता," ती म्हणाली, "अन् मी आत बसून खाऊ? कसं खाऊ?"

मला राग आला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन आणखी मूग वाटीत काढले. लिंबू पिळलं. माझ्यासाठी एक पेला पाणी घेतलं आणि मशीनसमोरच्या स्टुलावर येऊन बसलो.

"जेवताना पाणी प्यायचं नाही, असं तुले सांगितलं नं निधीनं?"

"हव."

"अन् मले खायचं नाही. तर तू खा, मी पितो. दोघांचं मिळून एक जेवण होते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तोंडावर पदर धरून हसली. हसता हसता एक मूग तोंडात टाकला. मी एक घोट घेतला. तिनं दुसरा टाकला, मी दुसरा घोट घेतला. वाटी संपेपर्यंत माझं पोट पाण्यानं तुडुंब झालं. त्या दिवसापासून चारचं आमचं हेच ठरलं. विजयाताईंची बकरी बरेच दिवस दाराशी येऊन ओरडत होती.

इंजेक्शनं चालू होती. भाद्रपदात तोंडाचे कोपरे भरले. आश्विनात ती गोल बाजारात जाऊन अस्तर आणि दोरे घेऊन आली, पायऱ्या चढली, आणि दम न लागता दुकानदार कसा फसवत होता ते सांगत बसली. काटा थोडा खाली आला, आणि निधीच्या म्हणण्याप्रमाणे आता खाली-वर न करता तिथेच राहायला लागला. पाय मात्र तसेच होते. मशीनचं झाकण तसंच होतं. ओळखीच्या बायांना ती "बोट दुखते" सांगून परत पाठवायची. रोज रात्री ती पलंगावर बसून तळव्यावर सुई टोचून पाहायची. सुई परत डब्यात पडल्याचा आवाज यायचा आणि दिवा बंद व्हायचा.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला माझं पारणं होतं. सकाळी अंघोळ करून मी देवापुढे नमस्कार केला आणि सरलानं दिलेली पोह्यांची बशी घेऊन बसलो. चार महिन्यांनी सकाळचं खाणं. पोह्यांवर शेंगदाणे जास्त टाकले होते. ती पुढच्या खोलीत दिवा लावायला गेली.

पहिला घास तोंडात घालणार, तेवढ्यात तिची हाक आली. "अहो."

"काय?"

"इकडं या."

मी बशी घेऊनच गेलो. ती खोलीच्या मध्यात उभी होती, न हलता. मशीनच्या जवळ, अनवाणी. साडी घोट्याच्या वर धरलेली.

"फरशी," ती म्हणाली.

"काय झालं फरशीले?"

"गार हाये."

मला लगेच कळलं नाही. इतकी वर्षं हे वाक्य ऐकल्यावर जे करायचो तेच मी केलं. बशी मशीनवर ठेवली, धावत जाऊन तिची चप्पल आणली आणि खाली वाकून पायाशी ठेवली.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या."

तिनं एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. मग पुन्हा खाली टेकवला, हळूच, बोटांपासून टाचेपर्यंत. मग दुसरा. तिच्या ओठांचं हलणं मला दिसत होतं. मी चप्पल परत हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.